महूचा गोली, बेळगावची पलटण

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही इंदूरला आत्याकडे गेलो होतो. आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरासारखंच आहे. मी मुलाशी मराठीत बोलतो, त्याची आई कन्नडमध्ये, आणि तो भांडायला लागला की एकाच वाक्यात दोन्ही. इंदूरला आत्याच्या मराठीत हिंदी मिसळलेली. "तू आधी चहा पिऊन घे, मग लालबाग दाखवून आणते" असं ती म्हणाली तेव्हा चिरंजीव माझ्या कानात म्हणाले, "बाबा, इथलं मराठी पण आपल्यासारखंच गंमतशीर आहे की!"

चिरंजीव आठवीत आहेत आणि शाळेच्या हॉकी टीमचे गोली आहेत. घरात सध्या पुस्तकांपेक्षा पॅडना जास्त मान आहे. टीव्हीवर क्रिकेट लागलं तरी हा मोबाइलमध्ये बघतो ते आइस हॉकी, अमेरिका-कॅनडातली. "बर्फावर कसली रे हॉकी?" असं मी पूर्वी विचारायचो. आता मलाही थोडंफार कळायला लागलंय. गोलकीपर धरून सहाजण खेळतात, पण प्रत्येकजण मिनिटभर जीव तोडून धावतो आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाहेर येतो; त्याच्या जागी दुसरा आत जातो. चूक केली की खेळाडूला दोन मिनिटं एका खोक्यात नेऊन बसवतात आणि त्याची टीम तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन लढते. शेवटची एकदोन मिनिटं उरली आणि एका गोलाने मागे असलो की गोलीलाच बाहेर बोलवायचं, त्याच्या जागी एक जादा पुढचा खेळाडू आणायचा आणि आपला गोल उघडा टाकायचा. "हे बघताना माझ्या पोटात गोळा येतो," असं चिरंजीव म्हणतात. गोलीच ना तो.

लालबाग म्हणजे होळकरांचा राजवाडा. कान्ह नदीच्या काठावर 1886 साली बांधकाम सुरू झालं आणि 1921 पर्यंत चाललं. त्याचं लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या नमुन्यावर केलेलं. इंग्लंडमध्ये ओतलं, जहाजाने मुंबईला उतरवलं आणि तिथून इंदूरला आणलं. आतोबा हे सगळं फाटकाच्या सळीवर हात ठेवून रंगवून सांगत होते, आणि आमचे चिरंजीव फाटकाकडे पाठ करून मोबाइलमध्ये ओवेच्किनचे गोल बघत होते! मला राग आला. आतोबा मात्र त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

अलेक्झांडर ओवेच्किन हा रशियाचा, खेळतो वॉशिंग्टनकडून. 6 एप्रिल 2025 ला त्याने 895 वा गोल मारला आणि वेन ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला. समोरचा एक खेळाडू खोक्यात बसला की हा डाव्या बाजूच्या वर्तुळात जाऊन उभा राहतो, चेंडू (म्हणजे ती रबरी चकती) आडवी आली की थांबवत नाही, तशीच फटकावतो. वर्षानुवर्षं तीच जागा आणि तोच फटका. सगळ्या जगाला माहीत असूनही अडवता येत नाही.

"रशियाची टीम केवढी भारी असेल मग!" आतोबा म्हणाले.

"रशियाची टीम नाहीये," चिरंजीव म्हणाले. "2022 पासून बंदी आहे."

ते खरं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि आठवडा व्हायच्या आत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी संघटनेने रशिया आणि बेलारूसच्या संघांना स्पर्धांतून बाहेर काढलं. म्हणजे रशियाचा माणूस अमेरिकेच्या राजधानीत विक्रम करू शकतो, टाळ्याही घेतो, पण रशियाच्या झेंड्याखाली विश्वस्पर्धेत उतरू शकत नाही.

मग पोराने तो प्रश्न विचारला, ज्याला मी महिनाभर टाळत होतो. 14 सप्टेंबर 2025 ला दुबईत क्रिकेटच्या आशिया चषकात आपले खेळाडू पाकिस्तानशी खेळले आणि हात न मिळवता निघून गेले. त्याच्या थोडं आधी बिहारमध्ये राजगीरला हॉकीचा आशिया चषक झाला, तिथे पाकिस्तानचा संघ आलाच नाही. त्याच्या जागी बांगलादेश खेळला. पण ऑक्टोबरमध्ये मलेशियात जोहोरच्या स्पर्धेत दोन्हीकडच्या ज्युनियर हॉकीपटूंनी सामन्याआधी एकमेकांना टाळ्या दिल्या. "बाबा, यातलं बरोबर कुठलं?"

आमच्या गल्लीत तीन घरांतली मुलं सैन्यात आहेत. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली आणि मे महिन्यात सीमा पेटली, तेव्हा त्या तीन घरांत रात्री दिवे मालवले जात नव्हते. त्यांच्यासमोर उभं राहून "खेळ वेगळा, राजकारण वेगळं" असं भाषण मला देता येत नाही. वर्गात पोरांना शिकवताना ते सोपं असतं. मी म्हटलं, "घरी जाऊन बोलू." मास्तरांचं हे जुनं उत्तर!

आतोबांनी मला सोडवलं. "तू गोली आहेस ना? मग शंकर लक्ष्मण ऐकलाएस का? तो इथलाच. महूचा."

महू इंदूरपासून 23 किलोमीटरवर. लष्कराची जुनी छावणी, बाबासाहेबांचं जन्मगाव, म्हणून 2003 मध्ये त्याचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. छावणी तिथे मैदान आणि मैदान तिथे हॉकी, हे आपल्याला बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. याच महूचा किशनलाल आधी पोलोच्या नादाला लागला होता, मग हॉकीकडे वळला, महू हीरोजकडून खेळला, इंदूरच्या कल्याणमल मिलच्या संघातूनही खेळला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो भारताचा कप्तान होता. स्वातंत्र्याला एक वर्ष पुरं व्हायला तीन दिवस बाकी असताना, 12 ऑगस्टला, वेम्बलीवर भारताने ब्रिटनला 4-0 ने हरवलं. बकिंगहॅमच्या फाटकाची नक्कल जिथे बोटीने आणली, तिथल्याच एका मिलचा हा खेळाडू. हे ऐकल्यावर चिरंजीवांनी एकदा वळून फाटकाकडे पाहिलं.

त्याच ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचा कप्तान होता अली दारा. 1936 मध्ये बर्लिनला तो भारताकडून ध्यानचंदबरोबर खेळला होता. फाळणीने सैन्य वाटलं, रेल्वे वाटली, तशी हॉकीची टीमही वाटली.

किशनलालच्या मागून महूतून शंकर लक्ष्मण आला. 1933 चा जन्म. 1947 मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, तो सैन्याच्या बँड पथकात भरती झाला. आणि पुढचं ऐका, मी तर आतोबांना दोनदा विचारून घेतलं: त्याची पलटण होती मराठा लाईट इन्फंट्री. आपल्या बेळगावात जिचं सेंटर आहे तीच. आपल्याकडच्या जुन्या हॉकीवाल्यांच्या तोंडी शंकर लक्ष्मणचं नाव घरच्या माणसासारखं का येतं, ते मला त्या दिवशी इंदुरात उमगलं.

त्या काळचा गोली कसा उभा राहायचा, हे पोराला सांगताना मलाच आश्चर्य वाटत होतं. तोंडावर जाळी नाही, छातीला कवच नाही. पायाला पॅड, हातात मोजे, एक स्टिक आणि समोर 12 फूट रुंद, 7 फूट उंच उघडी चौकट. आइस हॉकीचा गोल त्या मानाने लहान, 6 फूट बाय 4 फूट. पण तिथेही गोली उघड्या तोंडानेच उभे राहत. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये माँट्रियलच्या जॅक प्लांतच्या तोंडावर चकती बसली, टाके घालून तो परत आला तो मुखवटा घालूनच. मग हळूहळू सगळ्यांनी घातला. आमच्या शंकर लक्ष्मणला हेल्मेट मिळालंच नाही. पेनल्टी कॉर्नरला तेव्हा चेंडू हाताने थांबवायला परवानगी होती, त्यामुळे तो गवतावर अगदी ठप्प बसायचा आणि मग फटका यायचा. गोलीला अंदाज करायला वेळ तो किती!

हा बँडवाला शिपाई लागोपाठ तीन ऑलिंपिक फायनलमध्ये भारताच्या गोलात उभा होता. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान.

पहिली मेलबर्नची, 6 डिसेंबर 1956. जग तेव्हा पेटलेलं. सुएझवरून इजिप्त, इराक, लेबनॉन आले नाहीत. हंगेरीत रशियन रणगाडे शिरले म्हणून हॉलंड, स्पेन, स्वित्झर्लंड आले नाहीत. हॉलंडचं न येणं हॉकीच्या दृष्टीने मोठं होतं, कारण 1952 चा उपविजेता तोच. त्याच 6 डिसेंबरला त्याच शहरात पोहण्याच्या तलावात हंगेरी आणि रशिया वॉटर पोलो खेळत होते, आणि हंगेरीच्या एका खेळाडूच्या डोळ्याजवळून रक्त वाहत होतं. हॉकीच्या मैदानावर रणधीरसिंग जेंटलच्या एका गोलावर भारत जिंकला. त्या स्पर्धेत भारताने 38 गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही. एकही नाही! चिरंजीवांनी हा आकडा माझ्याकडून परत एकदा वदवून घेतला.

दुसरी रोमची, 9 सप्टेंबर 1960. नसीर अहमदचा एक गोल शंकर लक्ष्मणला चुकवून आत गेला आणि 1928 पासून चालत आलेली सुवर्णपदकांची माळ तुटली. बरोबर दहा दिवसांनी, 19 तारखेला, नेहरू कराचीला गेले आणि अयूब खानांबरोबर सिंधू पाणी करारावर सही केली. 2025 मध्ये भारताने तो करार स्थगित ठेवला, तेव्हा पेपरात ही 1960 ची तारीख वाचून मला रोमची आठवण झाली नव्हती. आता होते.

तिसरी टोकियोची, 23 ऑक्टोबर 1964. स्पर्धा चालू असताना मॉस्कोत क्रुश्चेव्हना खुर्चीवरून उतरवलं आणि दोनच दिवसांनी चीनने पहिला अणुबॉम्ब फोडला. आपल्याकडे नेहरूंना जाऊन पाच महिने झाले होते, बासष्टची जखम ओलीच होती. पृथीपालसिंगचा कॉर्नरचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला, मोहिंदरलालने तो घातला. एक गोल. मग राहिलेला वेळ पाकिस्तानचे हल्ल्यामागून हल्ले आणि मधे महूचा माणूस. त्याला तो चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा, असं परदेशी मासिकाने तेव्हा लिहिलं. त्याच संघात बेळगावचे बंडू पाटील होते, म्हणजे सुवर्णपदकाच्या त्या फोटोत आपली दोन माणसं आहेत: एक इथे जन्मलेला, एक इथल्या पलटणीचा.

वर्षभरात, सप्टेंबर 1965 मध्ये, दोन्ही देशांचं युद्ध झालं. जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदचा करार झाला आणि शास्त्रीजी तिथेच गेले. आणि त्याच 1966 च्या डिसेंबरात बँकॉकला एशियाडच्या फायनलला पुन्हा भारत आणि पाकिस्तान! कप्तान होता शंकर लक्ष्मण. गोलीला कप्तान करणं तेव्हा ऐकिवात नव्हतं. भारत 1-0 ने जिंकला. एशियाडमधलं हॉकीचं ते आपलं पहिलं सुवर्ण. दुसऱ्यासाठी 1998 पर्यंत थांबावं लागलं.

"पण तो तर सैनिक होता ना?" चिरंजीव म्हणाले. "वर्षापूर्वी ज्यांच्याशी लढाई, त्यांच्याशीच मॅच?"

"हो. गणवेश उतरवून पॅड बांधायचे."

"त्याला काय वाटत असेल?"

मला माहीत नाही. मी तसं सांगितलं. एवढं मात्र सांगितलं की या माणसाला खेळू नको म्हणायला सबब होती आणि इतरांपेक्षा जास्त हक्कही होता, आणि तो खेळला. आज न खेळण्याचा निर्णय घेणारे चूक आहेत असं मी म्हणत नाही. गल्लीतली ती तीन घरं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण हात न मिळवण्यात ज्यांना मोठा पराक्रम दिसतो, त्यांनी एकदा शंकर लक्ष्मणच्या नोकरीची नोंद बघावी, असं मला वाटतं. जोहोरच्या पोरांनी दिलेल्या टाळीने मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या संघातून त्याला वगळलं आणि त्याने हॉकी सोडली. अर्जुन पुरस्कार होता, पद्मश्री होती. 1979 मध्ये मराठा लाईट इन्फंट्रीतून कॅप्टन होऊन निवृत्त झाला आणि महूला परतला. शेवटी पायाला गँगरीन झालं. गोलीचा पाय. 29 एप्रिल 2006 ला महूतच गेला. शेवटचे दिवस हलाखीचे होते, हे आतोबांनी फाटकापासून रिक्षापर्यंत चालताना सांगितलं आणि मग कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. आत्यानेच "चला, पोहे-जिलबी खाऊन घेऊ" म्हणून विषय बदलला.

बेळगावला परतलो. मराठा सेंटरच्या बाजूने बस गेली तेव्हा चिरंजीव खिडकीला नाक लावून बसले होते. त्या संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर पडवीत दोन खुर्च्यांचा गोल मांडलेला. हेल्मेट काढून कोपऱ्यात ठेवलेलं. (मी ओरडलो, परत घालायला लावलं.) समोर आमच्या सासूबाई, म्हणजे त्याची अज्जी, पदर खोचून उभ्या, हातात टेनिसचा चेंडू. त्यांना शंकर लक्ष्मण कोण ते नातवाने कन्नडमध्ये सांगितलं असावं. त्यांनी फेकलेला पहिला चेंडू त्याने पायाने अडवला, दुसरा अडवला, तिसरा दोन्ही पायांमधून आत गेला.

"इन्नोंदु," अज्जी म्हणाल्या आणि चेंडू आणायला स्वतःच वाकल्या.