लाडाचं केळं

मंडळी, यंदा सहा महिने इंग्लंडला लेकीकडे राहून आले. "काय काय पाहिलंस?" असं जो तो विचारतो. पाहिलं पुष्कळ, पण लंडनच्या पुलावर आजवर सगळ्यांनीच लिहून ठेवलंय. मी आज लिहिणार आहे गोट्याबद्दल.

गोट्या म्हणजे माझ्या नातीचं कासव. हर्मन जातीचं, जमिनीवर राहणारं, वय वर्षं चार. मूळ मुलूख भूमध्य समुद्राकाठचा. आपल्याकडे स्टार कासव घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी कासव आणायला निघू नका. तिकडे मात्र या जातीची, माणसाकडेच जन्मलेली पिल्लं सरकारी दाखल्यासकट मिळतात.

आता माझा गुन्हा सांगते. लेक-जावई कामावर, नात शाळेत. घरात मी आणि गोट्या. नात सकाळी त्याला बागेतला पाला घालून जाई. मला वाटे, काय हे बिचाऱ्याचं खाणं! म्हणून मी हळूच केळ्याचा तुकडा द्यायची. कधी टोमॅटो, कधी काकडी. माझी चप्पल वाजली की मान लांब करून तुरुतुरु यायचा. (कासव तुरुतुरु चालतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं!) मला कोण आनंद!

तीन आठवड्यांत गोट्याने पाल्याकडे पाठ फिरवली आणि त्याला जुलाब लागले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मला सगळं कबूल करावं लागलं. नातीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

डॉक्टरीणबाईंनी शाळेतल्या मुलीला समजवावं तसं मला समजावलं. या कासवाचं पोट चोथा पचवण्यासाठी घडलेलं आहे. आतले सूक्ष्म जीव पाल्याचा चोथा हळूहळू पचवतात. गोड फळं पडली की त्यांचं तंत्र बिघडतं. कवचाला कॅल्शियम पुष्कळ लागतं आणि ते हाडात भिनायला ऊन किंवा अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. ते कमी पडलं तर कवच मऊ पडतं, वाकडं वाढतं, आणि एकदा बिघडलेला आकार पुन्हा सरळ होत नाही. मी म्हटलं, मग पालक देऊ का? जन्मभर मुलांना पालक खा म्हणून सांगत आले! तर तोही रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही.

मग घरात दोन पक्ष पडले. जावई म्हणाले, "दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल." मी म्हणत होते, "नाही खात तर राहू दे, थोडा टोमॅटो देऊ." माझं मत असं झालंय की दोघंही चुकत होतो. पोट बिघडलेल्या जिवाला उपाशी ठेवून वळण लावणं ही शिक्षा झाली, आणि मागेल ते देणं ही आपली सुटका झाली. शाळेत पाढे न येणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करूनही पाहिलं आणि सोडून देऊनही पाहिलं. दोन्हींनी पाढे आले नाहीत. येत होतं तिथून एकेक पायरी पुढे नेलं, तेव्हा आले.

गोट्याचंही तेच केलं. केळं त्याच दिवशी बंद. जुलाब थांबल्यावर पाला अगदी बारीक चिरून त्याला टोमॅटोचा नुसता रस चोळायचा. दर आठवड्याला रस कमी, पाला जास्त आणि जाडसर. पाला म्हणजे डँडेलियन, सो-थिसल, आणि प्लँटेन, जे आपल्या इसबगोलाचं भावंड. औषध न फवारलेल्या जागेतूनच खुडायचं. कासवाला रंग आणि वास कळतो, म्हणून वर डँडेलियनचं पिवळं फूल नाहीतर कुंडीतल्या जास्वंदीचं लाल फूल ठेवायचं. फुलाच्या लोभाने तोंड घातलं की दोन पानंही पोटात जात. सकाळी कोमट पाण्याच्या उथळ थाळीत बसवून, दिव्याखाली अंग तापलं की मगच खाणं. गार अंगाने कासव खात नाही आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा ठेवला. आपल्या आजीच्या बटव्यातला समुद्रफेस तिथे भेटला, तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन आणि नातीच्या वहीत नोंद.

सहाव्या आठवड्यात त्याने नुसता पाला खाल्ला. नातीने मला मिठी मारली.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या ह्यांना मधुमेह होता. डॉक्टरांनी बजावलेलं असूनही मी चहात अर्धा चमचा साखर घालायची, सणाला वाटीभर शिरा पुढे करायची. "एवढ्याने काय होतंय!" ते मागतही नसत हो नेहमी. दिल्यावर त्यांचा चेहरा खुले, तो मला बघायचा असे. केळं दिल्यावर गोट्या धावत येई तसंच. भूक त्यांची नव्हती, माझी होती.

म्हणून म्हणते, पथ्य आधी वाढणाऱ्याने पाळायचं असतं. खाणारा पाठोपाठ येतो, कासवाच्या गतीने का होईना.

असो. काल नातीचा फोन आला. गोट्या चप्पल वाजली की अजून येतो म्हणे, पण आता पाल्यासाठी. तुमच्याही घरी कुणी असा लाडावलेला असेल, चार पायांचा किंवा दोन, तर जरूर कळवा.