दुसरी कादंबरी कुठे अडते?

मुस्लिम मराठी लेखकाच्या पहिल्या कादंबरीकडे कुणी पाहत नाही, ही तक्रार आता आम्ही करणार नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. 1990 साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खपून हे व्यासपीठ उभे केले, म्हणून नव्या लेखकाला निदान उभे राहायला जागा मिळाली. प्रकाशन होते, शाल-श्रीफळ मिळते, फोटो छापून येतो. आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे. राजन खान यांच्यासारखे सातत्याने लिहिणारे सोडले, तर बाकीच्यांची दुसरी कादंबरी कुठे अडते?

ती दोन ठिकाणी अडते. एक आपल्या मोहल्ल्यात आणि दुसरी सभागृहात.

मोहल्ल्यात पहिला प्रश्न येतो, "किसके घर का लिखा है?" पुस्तक वाचलेले नसते. कुणीतरी एक पान दाखवलेले असते. त्या पानावर सासूने सुनेला छळलेले असते, नाहीतर जमातीच्या हिशेबात घोळ झालेला असतो. मग लेखकाने घरातले उणेदुणे चव्हाट्यावर मांडले, असा निकाल लागतो. लग्नाच्या दावतीत त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. घरातली माणसे म्हणतात, आता पुरे झाले.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून इथे एक सवाल करतो. मंटो आणि इस्मत चुगताई यांच्या कथांवर लाहोरच्या कोर्टात खटले चालले. आज उर्दूची शान म्हणून त्यांचीच नावे घेतली जातात. मग उर्दूत जे खपते, ते मराठीत का खपत नाही? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. उर्दूत आपले आपण वाचतो, मराठीत 'ते' वाचतात. ही भीती खोटी नाही. एका पात्राचा दोष साऱ्या कौमच्या माथी मारणारे लोक आहेत, आणि आज ते पूर्वीपेक्षा जास्त उघडपणे बोलतात. पण यावर इलाज लेखकाला गप्प करण्याचा नाही. एकच कादंबरी असते, तेव्हा तिच्यातला एकच मौलवी सगळ्या मौलवींचा नमुना ठरतो. पन्नास कादंबऱ्या असतील, तर पन्नास तऱ्हेचे मौलवी, पन्नास तऱ्हेच्या सुना आणि पन्नास तऱ्हेचे यंत्रमाग कामगार दिसतील. ओझे वाटले गेले की हलके होते.

सभागृहातला मान वेगळा आहे, पण परिणाम तोच. तिथे कादंबरीकाराला बोलावतात ते कादंबरीवर बोलायला नव्हे. 2019 साली तिहेरी तलाकचा कायदा आला, असे काही घडले की त्याला विचारायचे, "तुमच्या समाजाला काय वाटते?" नायिकेने तिसऱ्या प्रकरणात घर का सोडले, भाषेत दखनी किती आणि मराठी किती, शेवट फसला की जमला, हे कुणी विचारत नाही. लेखकाचा प्रवक्ता होतो. प्रवक्त्याला रोज बोलावे लागते. कादंबरी मात्र वर्षानुवर्षे गप्प बसल्याशिवाय होत नाही.

हमीद दलवाईंचे उदाहरण आपल्यासमोर आहे. त्यांच्या राजकीय मतांशी या चळवळीतल्या अनेकांचे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक 1961 साली 'लाट' हा कथासंग्रह देतो, 1965 साली 'इंधन' देतो, आणि कोकणातल्या गावातले मुसलमान, कुळवाडी, बौद्ध, ब्राह्मण हे एकमेकांत कसे गुंतले आहेत आणि ती गुंतवणूक कशी पेट घेते, हे मराठी कादंबरीत आणतो. 1966 साली ते सात स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढतात. 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन होते. 1977 साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन होते. 'इंधन' ही त्यांची एकमेव कादंबरी. आज त्यांच्या नावाने भांडणारे दोन्ही बाजूंना आहेत. त्यांतल्या किती जणांनी 'इंधन' वाचली आहे? त्यांनी चळवळीची वाट स्वतः निवडली, तो त्यांचा हक्क होता. पण आजच्या नव्या कादंबरीकाराला ती निवड तरी कुठे आहे? त्याला एक बाजू गप्प बसवते आणि दुसरी नको ते बोलायला लावते.

तेव्हा संमेलनातल्या ठरावांपेक्षा वेगळे काही हवे. नई जिंदगी आणि विजापूर वेशीत लग्नाच्या मंडपावर होणारा खर्च पाहिला, तर एक कादंबरी विकत घेणे कुणाला जड नाही. सही केलेली फुकट प्रत मागणे हा लेखकाचा सन्मान नव्हे. हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती संपली नाही, तर प्रकाशक दुसऱ्या हस्तलिखिताला हात लावत नाही, एवढा हा साधा हिशेब आहे. 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये गावोगावी आहेत. तिथे सभासद होऊन या पुस्तकांची मागणी नोंदवावी. उर्दू माध्यमाच्या शाळांतली मुले घरी दखनी बोलतात, वर्गात उर्दू वाचतात आणि बाजारात मराठीत व्यवहार करतात. त्यांच्या कपाटात आपल्या लेखकाची मराठी कादंबरी असलीच पाहिजे. तिचे खरे वाचक तेच आहेत.

आणि कादंबरी आवडली नाही, तर जरूर भांडावे. पात्र खोटे वाटते, मोहल्ला असा नसतो, असे तोंडावर सांगावे, लिहून छापावे. पण आधी शेवटच्या पानापर्यंत वाचावे. असे भांडण झाले, तर लेखक घरी जाऊन पुन्हा लिहायला बसतो. बहिष्काराने आणि हारांनी तो उठून जातो.