दर्शन थेट, पण पहारा कोणाचा?

उज्जैनच्या महाकालेश्वराचे दर्शन आज फोंड्यातील घरात बसूनही घेता येते. मंदिराच्या संकेतस्थळावरून गाभाऱ्याचे चित्र थेट प्रक्षेपित होते. त्याच मंदिरात भाविकांना मोबाइल नेण्यास डिसेंबर २०२२ मध्ये बंदी करण्यात आली. वरकरणी ही विसंगती वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलेल्या या मंदिरातील कोणते दृश्य जगाला दाखवायचे, याचा निर्णय मंदिर व्यवस्थापनाने स्वतःकडे ठेवला आहे, इतकाच त्याचा अर्थ.

२०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. क्षिप्रेच्या घाटांवर, महाकाल लोकच्या परिसरात आणि शहराच्या अरुंद गल्ल्यांत गर्दीवर नजर ठेवायची तर कॅमेरे लागणारच. मात्र हे चित्र दर्शनाच्या चित्राहून मुळातच वेगळे आहे. दर्शन सर्वांसाठी असते. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रीचे चित्र बंदोबस्तावरील अधिकाऱ्याखेरीज कोणाच्याही नजरेस पडता कामा नये. प्रयागराज कुंभमेळ्यात स्नान करणाऱ्या महिलांची चित्रणे समाजमाध्यमांवर फिरल्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले होते. अडचण अशी की, दोन्ही प्रकारची चित्रे देणारे यंत्र एकाच जातीचे असते आणि त्यांच्यातला फरक बहुधा जोडणीच्या पद्धतीत असतो.

कॅमेऱ्यांची चित्रे रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर साठतात. ती दुरून पाहायची तर रेकॉर्डर इंटरनेटला जोडावा लागतो. सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे राउटरमधून थेट वाट उघडून देणे. थेट चित्रासाठी साधारणतः ५५४ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते आणि अशी उघडी पोर्टे हुडकणारे संगणक अहोरात्र जगभर फिरत असतात. त्यात बसवणारा माणूस कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतील नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पाडली. आपल्याकडचे उदाहरण अधिक लाजिरवाणे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीची चित्रणे यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकली जात असल्याचे उघड झाले. त्या प्रकरणातील अटकांचे धागे महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला, हा प्रश्न तेव्हा पासवर्डच्या चर्चेत हरवून गेला.

योग्य रचना फार अवघड नाही. देखरेखीचे चित्र केवळ व्हीपीएनच्या बंद मार्गाने नियंत्रण कक्षात जावे, प्रत्येक अधिकाऱ्याचे खाते वेगळे असावे आणि कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंद राहावी. दर्शनासाठी मात्र एकाच कॅमेऱ्याचे चित्र रेकॉर्डरला बगल देऊन व्हिडिओ मंचाकडे पाठवावे. लाखो प्रेक्षकांना पुरवण्याचे काम तो मंच करतो. साधा रेकॉर्डर एका वेळी मोजक्याच प्रेक्षकांचा भार पेलतो. शिवाय गणितही पाहावे लागते. एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर सोळा कॅमेऱ्यांचे मूळ दर्जाचे चित्र बाहेर धाडण्यास ६४ मेगाबिटचा अपलोड वेग लागतो. म्हणूनच दूरच्या पडद्यासाठी कमी दर्जाचा दुय्यम प्रवाह वापरतात. साठवणुकीचे पाहिले तर हेच सोळा कॅमेरे दिवसाला सुमारे ६९० गिगाबाइट भरतात, म्हणजे ४ टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. निविदांमध्ये कॅमेऱ्यांची संख्या ठळक अक्षरांत असते. हा हिशेब क्वचितच असतो.

पडद्यापलीकडच्या माणसाचा हिशेब तर त्याहून क्वचित. प्रयागराजमध्ये सुमारे २,७०० कॅमेरे होते, काहींना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड होती. तरीही २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे संगमावर चेंगराचेंगरी झाली आणि मृतांचा सरकारने प्रथम जाहीर केलेला आकडा ३० होता. खुद्द उज्जैनने सप्टेंबर २०२३ मध्ये याहून जिव्हारी लागणारे दृश्य पाहिले आहे. अत्याचाराने जखमी झालेली एक अल्पवयीन मुलगी दारोदार मदत मागत फिरताना कॅमेऱ्यांत चित्रित झाली. ती चालत असताना त्या कॅमेऱ्यांचा तिला काहीही उपयोग झाला नाही. अखेर एका आश्रमातील माणसाने तिला आधार दिला. पुढे शेकडो कॅमेऱ्यांचे चित्रण तपासून पोलीस आरोपीपर्यंत पोहोचले, हे खरे. पण तिची ती अवस्था देशभर दाखवली गेली, हेही तितकेच खरे. साक्षीदार म्हणून यंत्र उपयोगी पडले, पहारेकरी म्हणून नाही.

गोव्यात हा विषय परका नाही. शिरगावच्या लईराई जत्रेत मे २०२५ मध्ये चेंगराचेंगरीत भाविकांचे बळी गेले. अशा दुर्घटनेनंतर ‘कॅमेरे वाढवा’ ही मागणी स्वाभाविक असते. पण होमकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवरचे चित्र पाहून गर्दी वरच्या वळणावरच थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे जत्रेपूर्वी लिहून ठेवले नसेल, तर कॅमेरा कितीही ‘लाइव्ह’ असला तरी तो घटनेची नोंदच करील. देवस्थान समित्या आणि गृहनिर्माण संस्थाही आता रेकॉर्डर मोबाइलवर पाहण्याची सोय करून घेत आहेत. पैसे चुकते करण्यापूर्वी त्यांनी बसवणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: मूळ पासवर्ड बदलला का, आणि त्याच्या स्वतःच्या फोनवरून आमचे चित्र अजून दिसते का? दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा ‘होय’ असेल.