चूल आणि कूड यांमधील दोन हात

घर बांधताना शेतकरी आढ्याची उंची मोजतो, दाराची दिशा पाहतो, गोठ्याच्या उताराचा विचार करतो. चुलीची जागा मात्र बहुधा मोजून ठरविली जात नाही. वारा लागणार नाही, पायात येणार नाही आणि सरपण हाताशी राहील असा कोपरा पाहिला जातो व चूल भिंतीला टेकवून मांडली जाते. दगडाच्या, विटांच्या किंवा भरीव मातीच्या भिंती असलेल्या घरात यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु कारवीचा, तुराट्यांचा अथवा बांबूच्या तट्ट्याचा कूड आणि वर गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर अशी रचना जेथे असेल, तेथे चूल आणि कूड यांमधील अंतर हा घर राहण्याचा अथवा जाण्याचा प्रश्न होय.

याबाबत एक समजूत सर्वत्र आढळते. कूड शेणामातीने नीट लिंपला की तो आगीपासून सुरक्षित झाला, असे मानले जाते. लिंपणाचा उपयोग नाही असे नव्हे. ज्योत किंवा ठिणगी काडीला थेट लागत नाही, एवढे काम ते निश्चित करते. पण उष्णता अडवून धरणे हे पातळ लिंपणाच्या शक्तीबाहेरचे काम आहे. रोज सकाळसंध्याकाळ तापलेले लिंपण ती उष्णता आतल्या कारवीला पोचवीत राहते. बाहेरून सारवलेली भिंत स्वच्छ दिसते आणि आत काडी हळूहळू भाजत असते. पुढे लिंपणाला तडा गेला, की त्या भाजलेल्या काडीला वारा मिळतो.

“आमची चूल वाडवडिलांपासून याच जागी आहे, आजवर काही झाले नाही,” हे उत्तर ग्रामकार्यकर्त्यांना नेहमी ऐकावे लागते. हे उत्तर प्रामाणिक असले तरी त्यातील अनुमान उलटे आहे. साधे वाळलेले लाकूड सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णतेस पेट घेते. परंतु तेच लाकूड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे तापत राहिले, तर प्रथम त्यातील ओल जाते, मग त्याचा रंग काळवंडतो आणि अखेर ते कोळशासारखे होते. अशा लाकडाला पेटण्यास पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी उष्णता पुरते. तात्पर्य, चुलीला टेकलेला कूड दरवर्षी अधिकाधिक पेटाऊ होत जातो. दहा वर्षे निभावली, याचा अर्थ कूड दहा वर्षे भाजला असाच घेतला पाहिजे.

मग अंतर किती असावे? थंड हवेच्या देशांत घरे लाकडाची असतात आणि लाकूड जाळणाऱ्या लोखंडी शेगड्या हिवाळाभर पेटत्या असतात, त्यामुळे तेथे या प्रश्नाचा बारकाईने विचार झाला आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार, स्वतंत्र चाचणी न झालेली साधी शेगडी आणि जळाऊ भिंत यांमध्ये ३६ इंच अंतर लागते. हे माप आपल्याकडे लक्षात ठेवण्यास सोपे आहे. ३६ इंच म्हणजे बरोबर दोन हात. मातीची चूल लोखंडी शेगडीप्रमाणे सर्व बाजूंनी तापत नाही, हे खरे. परंतु तिचा जाळ उघडा असतो, लाकडे तोंडाबाहेर आलेली असतात आणि भांड्याच्या कडेने ज्वाळा वर चढतात. यास्तव कुडाच्या घरात हेच माप धरणे शहाणपणाचे होय.

एका खणाच्या झोपडीत दोन हात जागा आणावयाची कोठून, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर आडोशात आहे. मात्र आडोसा कसा उभा करावयाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याच मानकात दिलेली तुलना बोलकी आहे. जळाऊ भिंतीला लागून साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत बांधली, तर ३६ इंचांचे अंतर २४ इंचांपर्यंतच कमी करता येते. परंतु साधा लोखंडी पत्रा भिंतीपासून एक इंच सुटा उभा केला आणि खालून-वरून हवा खेळती ठेवली, तर तेच अंतर १२ इंचांवर आणता येते. जाड विटेपेक्षा पातळ पत्रा सरस ठरतो, तो त्याच्यामागच्या हवेमुळे. पत्रा तापला की मागची हवा तापून वर निघून जाते आणि खालून थंड हवा आत येते. उष्णता कुडापर्यंत पोचत नाही. हाच पत्रा कुडाला चिकटवून ठोकला, तर हा लाभ जवळजवळ सर्वच जातो.

म्हणून पत्रा खाली विटांच्या तुकड्यांवर, मध्ये मोकळी जागा ठेवून उभा करावा. वरची कडही मोकळी ठेवावी. पत्रा आणि कूड यांमध्ये लाकडाचे ठोकळे घालू नयेत. विटेचे किंवा लोखंडी नळीचे तुकडे घालावेत व तेही चुलीच्या नेमके मागे येऊ देऊ नयेत. चुलीच्या तोंडापुढे दीड फूट जमीन पालापाचोळा, गोवऱ्या व काटक्या यांपासून सदैव मोकळी असावी.

कुडाइतकेच लक्ष वरच्या बाजूस दिले पाहिजे. पावसाळ्यात चुलीवरच्या माच्यावर सरपण वाळत घालण्याची चाल आहे. ते सरपण उन्हाळ्यात तेथेच राहिले, तर छपरापर्यंत चढण्यास आगीला शिडीच मिळते. धूर बाहेर काढणारी पत्र्याची नळी गवती छपरातून नेली असेल, तर तिच्याभोवती सर्व बाजूंनी एक हात गवत काढून तेथे पत्रा बसवावा. धूर कमी झाला की चूल सुधारली, असे समजण्याची प्रवृत्ती आहे. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाचा भर धूर आणि सरपण कमी करण्यावर होता. दोन्ही उद्दिष्टे योग्यच होती. परंतु भिंतीपासूनचे अंतर हे चुलीचे तिसरे अंग आहे, आणि त्यावाचून कोणतीही चूल सुधारलेली म्हणू नये.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला. तरीही आंघोळीचे पाणी, भाकरी आणि गुरांचे आंबोण यांसाठी चूल राहिलीच. ती कित्येकदा घरातून उठून मागच्या पडवीत गेली आहे, आणि तेथेच पऱ्हाट्यांचा भारा, कडब्याची गंजी व गोठ्याचा कूड असतो. चूल नजरेआड झाली, एवढ्याने तिचा धोका कमी झाला नाही.

ग्रामकार्यकर्त्याने फाल्गुन संपण्यापूर्वी दीड फुटाची काठी घेऊन कुडाच्या घरांतून फिरावे. स्वयंपाक संपत आला असता चुलीमागील कुडाच्या बाहेरच्या अंगास तळहात लावून पाहावा; हात ठेववत नसेल, तर चूल हलविली पाहिजे किंवा आडोसा केला पाहिजे. नवी जागा मात्र घरच्या बाईला विचारूनच ठरवावी. वारा कोठून येतो आणि धूर कोठे साचतो, हे तिला ठाऊक असते. तिच्या सोयीविरुद्ध मांडलेली चूल महिन्याभरात जुन्या जागी परत येते.

चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात, वारा सुटतो आणि गवत कोरडे ठणठणीत होते. त्याच दिवसांत पेरणीचे बियाणे घरात येऊन पडलेले असते. घराबरोबर ते जळाले, तर पुढचा हंगामही जातो. दोन हात जागा किंवा एक पत्रा यांच्या तुलनेत ही किंमत फार मोठी आहे. ती मोजण्याची पाळी येण्यापूर्वी शेतकरी बांधवांनी अंतर मोजावे.