कुलूप उघडण्याची किंमत

माझ्या भाच्याने दोन वर्षे सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम करून पैसे साठवले. आता त्याला डेस्कटॉप जुळवायचा आहे. "मामू, ओव्हरक्लॉक होणाराच प्रोसेसर घ्यायचा," असा त्याचा हट्ट. यादी पाहिली तर बहुतेक पैसा प्रोसेसर आणि मदरबोर्डातच संपत होता. ग्राफिक्स कार्डाला काही उरतच नव्हते.

एके काळी ओव्हरक्लॉकिंग ही गरिबाची युक्ती होती. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा आणि कितीतरी महाग पेंटियम टू च्या पंगतीत जाऊन बसायचा.

आज उलटे झाले आहे. इंटेलकडे गुणक वाढवायचा तर नावात 'के' असलेला प्रोसेसर हवा, शिवाय 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड हवा. 'बी' किंवा 'एच' मालिकेच्या बोर्डावर 'के' प्रोसेसर बसवला तर तो चालतो, पण गुणक वाढत नाही. म्हणजे कंपनीनेच लावलेले कुलूप आपण जादा पैसे देऊन उघडायचे! हे मला पटत नाही.

एएमडीचे धोरण बरे. रायझनचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर खुले असतात आणि बी५५० सारख्या मध्यम किमतीच्या बोर्डावरही ओव्हरक्लॉक होतात. ए५२० घेतला तर मात्र ती सोय नाही. ५८००एक्सथ्रीडी हाही अपवाद, त्याचा गुणक बंदच आहे.

बोर्ड घेताना रंगीत दिवे पाहू नका. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, कसा आहे आणि त्यावर हीटसिंक आहे की नाही ते पाहा. साधा हिशेब आहे. वीजखर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही दहा टक्के वाढवले तर खर्च सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो, आणि ती सगळी उष्णता खोलीतच येते. सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, तिचे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

व्होल्टेज जास्त झाले की काय होते, हे २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीने दाखवलेच. ओव्हरक्लॉक न करताही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. कंपनीला मायक्रोकोड दुरुस्त करावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आपण स्वतः व्होल्टेज वाढवून प्रोसेसर जाळला तर वॉरंटीचा आधारही बहुधा राहत नाही.

शिकण्याच्या हौसेला माझा विरोध नाही. मुलांनी बायोसमध्ये शिरावे, एकेक पायरी वेग वाढवावा, तापमान बघावे. पण त्यासाठी महागडी जोडी लागत नाही. मी भाच्याला रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि चांगला एसएमपीएस सुचवला. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालायला सांगितले. तो अजून तोंड फुगवून बसला आहे. बसू दे. त्याच्या घामाचे पैसे आहेत, ते कुलपाच्या किल्लीवर जाऊ नयेत एवढेच मला वाटते.