भिंतीवर आपली खाडी का नको?

नेरूळ ते खारघर, कुठल्याही पीजीत डोकावा. भिंतीवर न्यूयॉर्कचा पूल, नाहीतर पॅरिसचा टॉवर. फोटो कोणी काढला, पत्ताच नाही. आणि आपल्याच वर्गातला जो पहाटे उठून सीवूड्सच्या पाणथळीवर फ्लेमिंगो टिपतो, त्याला आपण काय देतो? एक लाइक!

'कला आपल्याला परवडत नाही' ही सबब जुनी झाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि राजेरजवाड्यांकडची चित्रं साध्या घरांत पोचली. आज तेच काम एक चांगली फोटोप्रिंट करू शकते.

तेव्हा मित्राला सरळ विचारा, 'प्रिंट देतोस का?' फक्त व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापू नका, मूळ फाइल घ्या. १२ बाय ८ इंचाच्या नेटक्या प्रिंटसाठी ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. कागद ॲसिड-फ्री आणि शाई पिगमेंटची असेल तर रंग जास्त टिकतात. आपली हवा दमट, म्हणून काच फोटोला चिकटू नये यासाठी मध्ये माउंट हवाच. थेट ऊनही नको. मागे सही आणि किती प्रतींपैकी कितवी, हे लिहून घ्या.

आणि हो, पैसे द्या. 'आपलाच आहे ना' म्हणत फुकट मागू नका. एका पार्टीची कॉन्ट्री आपण कुरकुर न करता काढतो, मग इथे घासाघीस कशाला? छपाईचा खर्च वेगळा, त्याच्या पहाटेचे पैसे वेगळे. आज कोणी प्रिंट विकत घेतली, तरच तो उद्याही कॅमेरा उचलेल.