पवनचक्क्या बदलतील, करारही बदलावा

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यावर पसरलेले वनकुसवडे पठार पावसाळ्यात माणसाला धड उभे राहू देत नाही. जांभ्याच्या त्या उघड्या सड्यावर नाचणी-वरीपलीकडे फारसे पिकत नसे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तेथे पवनचक्क्या आल्या आणि वनकुसवडे, चाळकेवाडी ही नावे देशाच्या ऊर्जा-नकाशावर झळकली. भारताची पवनऊर्जेची स्थापित क्षमता 2025 साली 50 हजार मेगावॅटवर पोहोचली. त्या वाटचालीतील आरंभीची काही मोठी पावले याच पठारांवर पडली, याचा महाराष्ट्राला अभिमान असावा.

परंतु या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळी यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवून प्राप्तिकर वाचविता येत असे. साहजिकच ज्यांचा वीजनिर्मितीशी काडीचाही संबंध नव्हता, अशांच्या नावेही पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सवलत होती ती यंत्र उभारण्याला. ते वीज किती देते, याला नव्हे. पुढे घसाऱ्याचा दर 80 टक्क्यांवर आणि 2017 पासून 40 टक्क्यांवर आला. 2009 साली प्रत्यक्ष निर्मितीवर प्रोत्साहन देण्याचा शहाणपणाही सुचला. तोवर सर्वाधिक वाऱ्याच्या जागा दोनशे-साडेतीनशे किलोवॅटच्या ठेंगण्या यंत्रांनी अडविल्या होत्या.

आज त्या यंत्रांचे आयुष्य सरत आले आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील ऊर्जा आठपट होते आणि उंचावर वारा अधिक वेगाने वाहतो. म्हणूनच शंभर मीटरहून उंच मनोऱ्यावरचे दोन-तीन मेगावॅटचे एक यंत्र जुन्या अनेकांचे काम करते. केंद्राने 2016 साली आणि पुन्हा 2023 साली जुनी यंत्रे बदलण्याचे धोरण आखले. पण एकेका पठारावर मालक अनेक, जमिनीचे तुकडे अनेक. घोडे अडले आहे ते येथे.

आणि पठाराखालचा माणूस? त्याच्या वाडवडिलांनी 1960 च्या दशकात कोयना धरणासाठी घरदार सोडले. त्याच्या घरातला कर्ता पुरुष मुंबईत माथाडी म्हणून ओझी वाहत राहिला. पुढे सड्याची जमीन पवनचक्क्यांसाठी गेली, तेव्हा त्याच्या वाट्याला एकदाच मिळालेली किंमत आणि फार तर पहारेकऱ्याची नोकरी आली. डेन्मार्कने 2008 च्या कायद्याने नव्या पवनप्रकल्पातील किमान 20 टक्के भाग परिसरातील रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक केले होते. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या, साखर कारखाने उभारणाऱ्या सातारा-सांगलीला ही कल्पना परकी वाटू नये.

जुने मनोरे उतरतील, तेव्हा नवे करार होणारच आहेत. त्या करारांत ग्रामपंचायतीला प्रत्येक युनिटमागे वाटा आणि जमीन देणाऱ्या कुटुंबांना भागभांडवल ही अट राज्य शासनाने आताच घालावी. सड्यावरचे काँक्रीटचे पाये उखडणे आणि सहजी पुनर्वापर न होणारी जुनी पाती हलविणे, हा खर्चही मालकांच्याच माथी असावा. शेजारीच कोयनेचे अभयारण्य आहे.